ट्रॉली ओढायची तर गिअर कुठला?

"ऑटोमॅटिकला लोड ओढवत नाही." हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं तरी पुढचे शब्द कळतात. सांगणाऱ्यांत आमचा धाकटा भाऊ आहे, वसमतचा मेकॅनिक आहे, उसाच्या फडावर भेटलेले दोन ट्रॅक्टरवाले आहेत आणि ज्यांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही असे एक निवृत्त मास्तरही आहेत. एवढं एकमत आपल्याकडे पावसाबद्दलसुद्धा होत नाही. म्हणून म्हटलं, यावर जरा नीट लिहून काढावं.

विषय निघाला तो पुतण्यामुळे. आमचं घर हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. (जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही परभणीकर होतो आणि जुनी माणसं अजूनही "जिल्ह्याला जाऊन येतो" म्हणून परभणीलाच जातात.) पूर्णेच्या कालव्याचं पाणी, काळी जमीन, त्यामुळे ऊस, केळी आणि हळद. येलदरी-सिद्धेश्वरला पाणी असलं की सगळं असतं, नसलं की ट्रॅक्टरचे हप्ते असतात. घरचा ट्रॅक्टर आता थकलाय आणि नवा घ्यायचं चाललंय. हंगामात तो ऊस कारखान्यावर नेतो, पुढे हळद निघाली की कट्टे भरून हिंगोलीच्या मार्केट यार्डात. म्हणजे नांगरापेक्षा ट्रॉलीच जास्त. पुतण्या माझ्याकडे पुण्याला आला होता तेव्हा माझी बिनक्लचची कार चालवून गेला आणि तिकडे जाऊन बापाला म्हणाला, "आपण बी ऑटोमॅटिक येईपर्यंत थांबायचं का?" भाऊ म्हणाला, "काहून? तुझा पाय दुखायलाय का?" मग फोन मला. घरात एखादाच इंजिनिअर असला की त्याला फ्रिजपासून बोअरच्या मोटारीपर्यंत सगळ्यातलं कळतं असा समज असतो. असो.

आधी सरळ सांगून टाकतो. "ऑटोमॅटिकला लोड ओढवत नाही" हे आज खरं नाही.

एकेकाळी त्यात तथ्य होतं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असायचा, अजूनही बऱ्याच गाड्यांत असतो. एका बंद डब्यात तेल आणि समोरासमोर दोन पंखे. इंजिनकडचा पंखा तेल फिरवतो, त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. ओझं जड असेल तर दोन पंख्यांच्या वेगात फरक पडतो, तेल घुसळतं, तापतं. तेल तापलं की त्याचा कस जातो आणि गिअरबॉक्स बसतो. चढावर लोड घेऊन गेलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची हीच गत व्हायची. पण याच पंख्यांचा एक गुण सांगायचा राहून जातो. गाडी जागेवरून उचलताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढवून देतो, आणि तोही धक्का न देता. आता पुढच्या गिअरांत लॉक-अप क्लच लागतो, म्हणजे वेग आला की तेलाचं घुसळणं बंद आणि सरळ पोलादी जोड. वर तेलाला वेगळा कूलर. अमेरिकेत लोक पिकअपच्या मागे बोटी, घोडे, अख्खं घर लावून फिरतात. तिथे फोर्डच्या एफ-१५० ला हाती गिअर शेवटचा मिळाला २००८ च्या मॉडेलला. जड वजनाच्या पिकअपमध्ये रॅम कंपनीने तो सगळ्यात उशिरापर्यंत ठेवला, २०१८ पर्यंत. जगातले सगळ्यात हौशी ओढणारे जर हाती गिअर सोडून गेले असतील तर "ओढवत नाही" म्हणणं अवघड आहे.

आणि ट्रॅक्टरमध्येही हे नवं नाही. अमेरिकेत फोर्डने १९५९ सालीच 'सिलेक्ट-ओ-स्पीड' नावाचा ट्रॅक्टर काढला होता. दहा गिअर, चालता चालता नुसता दांडा सरकवून बदलायचे, क्लच दाबायची गरज नाही. सुरुवातीचे ट्रॅक्टर इतके बिघडले की शेतकऱ्यांच्या मनात त्या गिअरबॉक्सबद्दल अढी बसली ती बसलीच. पुढे १९९५ मध्ये जर्मनीच्या फेन्टने 'व्हॅरिओ' दाखवला. त्यात गिअरच मोजायचे नाहीत, शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत सलग. युरोपात आज मोठे ट्रॅक्टर त्याच वाटेने गेलेत. आपल्याकडे १९६० च्या दशकात महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत बी-२७५ आणला, तिथपासून आजवर साधारण एकच रचना चालत आलीय: एक हाय-लोचा दांडा, एक गिअरचा, आठ पुढे, दोन मागे. शेतकरी घेतो त्या चाळीस-पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरांत पूर्ण ऑटोमॅटिक जवळजवळ नसतोच. फरक पडला तो आतल्या दात्यांत. जुन्या स्लायडिंग मेशमध्ये गिअर बदलायचा तर ट्रॅक्टर उभाच करावा लागे. मग कॉन्स्टंट मेश आला, आता काहींत सिंक्रोमेशही मिळतो. हे शब्द शोरूमचा पोरगा पत्रकावर बोट ठेवून घडाघडा वाचून दाखवतो, पण उतारावर त्यांचा अर्थ काय ते सांगत नाही. तिथेच तर सगळी गोम आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी चढाबद्दल थोडं. ज्याने भरलेली ट्रॉली जागेवरून उचललीय त्याला ठाऊक आहे, क्लच पटकन सोडला की ट्रॅक्टर पुढून उठतो. पुढची चाकं अधांतरी, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणजे बंपरवर वजनं लावणे, किंवा ती नसली तर दोन पोरं बसवणे. (दुसरा उपाय मी डोळ्यांनी पाहिलाय.) ट्रॅक्टर उठतो कारण क्लचचा सगळा जोर एका क्षणात मागच्या चाकांवर येतो. टॉर्क कन्व्हर्टर असता तर हाच जोर हळूहळू आला असता. म्हणजे जागेवरून उचलण्यात ऑटोमॅटिक उलट सरस. तसंच कारखान्याच्या रांगेचं. गव्हाणीपुढची रांग ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, काट्यापर्यंत पोचायला कधी दिवस, कधी रात्रसुद्धा जाते. दर दहा मिनिटांनी दोन ट्रॉल्यांचं लेंढार पंधरा फूट पुढे घ्यायचं. प्रत्येक वेळी क्लच अर्धा सोडून, घासत. क्लच प्लेटा वाटेत संपत नाहीत, रांगेत संपतात.

मग तरी मी पुतण्याला थांबू नको म्हणून का सांगितलं?

एक कारण अगदी साधं. क्लच प्लेट गेली तर वसमतचा मेकॅनिक ट्रॅक्टर मधोमध खोलतो, प्लेट बदलतो आणि एखाद-दोन दिवसांत ट्रॅक्टर परत फडावर. त्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्याला तो लागतही नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर नुसता ट्रॅक्टर उभा राहत नाही. टोळी बसते, मुकादमाची उचल अंगावर येते, तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजनात मार खातो. अशा वेळी "पार्ट मागवलाय, चार दिवसांत येईल" हे वाक्य परवडत नाही. गिअरबॉक्स किती हुशार आहे यापेक्षा तो बिघडला तर किती मैलांच्या आत दुरुस्त होतो, हे मी जास्त मोजतो. कारमध्ये मी असं म्हटलं नसतं.

कारवरून आठवलं, पुतण्याने जी चालवली ती एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडे आला आणि स्वस्त असल्याने पसरला. लोक याला आणि टॉर्क कन्व्हर्टरला एकाच नावाने हाक मारतात, पण यात तेलातले पंखे नाहीत. आत साधाच गिअरबॉक्स, साधीच क्लच प्लेट, फक्त आपल्या पायाऐवजी एक यंत्र ती दाबतं. त्यामुळे चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर ती प्लेट तशीच जळते, फक्त आपल्याला कळत नाही. मागे काही ओढायचं असेल तर छोट्या कारच्या एएमटीच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. यापलीकडे त्या विषयात बोलण्यासारखं फार नाही.

आता उताराकडे वळू.

आपल्याकडे ओझ्याबद्दल बोलताना सगळे चढाबद्दल बोलतात. चढावर फजिती होते, लोक बघतात, ट्रॅक्टर उठतो, गाणी बंद करावी लागतात. माणसं मात्र उतारावर मरतात. वसमतचा भाग तसा सपाट, पण औंढ्याकडे किंवा सेनगाव-कळमनुरीकडे निघालं की जमीन वरखाली होते. आणि घाटच कशाला हवा? पुलाकडे उतरणारा रस्ता पुरतो, कालव्याची भरावाची वाट पुरते.

जरा हिशेब करू. ट्रॉली आणि ऊस मिळून बारा टन धरा. वीस फुटांत एक फूट असा उतार, म्हणजे डोळ्याला फारसा जाणवतही नाही इतका. अशा उतारावर ती ट्रॉली ट्रॅक्टरला मागून साधारण ६०० किलोच्या जोराने ढकलते. टायरांचं स्वतःचं घर्षण वजा केलं तरी चारेकशे किलो उरतात. दोन ट्रॉल्या असतील तर दुप्पट. आता ट्रॅक्टर हे कसं अडवणार? ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन दोन-सव्वादोन टन, त्यातलं मागच्या चाकांवर सव्वा-दीड टन. चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, ट्रॅक्टरवर काही टाकत नाही. कोरड्या डांबरावर ही दोन चाकं फार तर सात-आठशे किलोचा जोर धरू शकतील. म्हणजे दोन ट्रॉल्यांच्या बाबतीत जमा आणि खर्च बरोबरीत, तेही नुसता वेग वाढू न देण्यापुरतं. थांबवायला शिल्लक काही नाही. पाऊस पडलेला असेल किंवा रस्त्यावर मुरूम असेल तर ती पकड निम्म्यावर येते. मग ट्रॉली ट्रॅक्टरला घेऊन जाते, जिकडे तिला जायचंय तिकडे.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, उताराला लागायच्या आधी खालचा गिअर टाका. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. आमच्याकडे पूर्वी एक ड्रायव्हर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते उताराच्या बरंच अलीकडे ट्रॅक्टर चक्क उभा करायचे, लो टाकायचे आणि मग निघायचे. मागचे हॉर्न वाजवून वैतागायचे. मामा ढिम्म. जुना स्लायडिंग मेश होता तो, त्याला दुसरा मार्गच नव्हता. एकदा का ट्रॅक्टर उतारावर वेगात सुटला आणि तुम्ही न्यूट्रल केला, की नंतर गिअर पडतच नाही. दाते नुसते कराकरा वाजतात. चालू उतारावर दाबून धरलेला क्लचही न्यूट्रलच. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, बस.

आणि तरी लोक न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणून. इतका चुकीचा समज दुसरा नसेल. ट्रॅक्टर गिअरात असेल आणि ट्रॉलीच त्याला ढकलत असेल, तर पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडून टाकतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्यात आलेली इलेक्ट्रॉनिक इंजिनं हेच काम आणखी काटेकोर करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या थेंबांसाठी जीव टांगणीला लावायचा ते थेंबसुद्धा वाचत नाहीत! हे मी भावाच्या अंगणात चारचौघांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. एकाने विचारलं, "पण साहेब, आवाज कमी येतो ना?" आता यावर काय बोलणार.

हाती गिअरवाले इथे आपला ठेवणीतला मुद्दा काढतात. गिअर माणसाच्या हातात असला की माणूस जागा राहतो. यात दम आहे. ऑटोमॅटिकला अंगावर आलेलं ओझं कळतं, पुढे येणारा उतार दिसत नाही. तो दिसतो माणसाला. पण जागा राहिलेल्या माणसाला ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर बांधून ठेवता येतो, अमेरिकन पिकअपला त्यासाठी वेगळं बटण असतं. आणि फेन्टसारख्या सलग वेगाच्या ट्रॅक्टरचं तर आणखी पुढचं आहे. पाय काढला की तो स्वतःच आवळून धरतो. त्यात चुकून न्यूट्रल पडायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे खरं बोलायचं तर उतारावरसुद्धा चांगला ऑटोमॅटिक हाती गिअरपेक्षा उजवा. फक्त तो ट्रॅक्टर आमच्या सात-बाऱ्यात मावत नाही. परवडतो तो जुन्या पद्धतीचा, आणि तो चालवणारं पोरगं अनेकदा सतरा-अठरा वर्षांचं, कानात कर्कश डेक. जागं राहण्याचा मुद्दा त्याला लावून बघा.

पण वरचा हिशेब पुन्हा वाचलात तर एक गोष्ट लक्षात येईल. गिअरने रोखा नाहीतर ब्रेकने, दोन्हींचा जोर शेवटी त्याच दोन मागच्या चाकांतून रस्त्यावर जातो. चाकांची पकड संपली की हाती गिअरही संपला, ऑटोमॅटिकही संपला आणि वीस लाखांचा जर्मन गिअरबॉक्सही संपला. म्हणजे आम्ही ज्यावर वर्षभर वाद घातला तो प्रश्नच अर्धा होता. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक का नाही, हा उरलेला अर्धा. कागदावर नियम काही का असेना, आमच्या रस्त्यावरच्या ट्रॉल्यांना ब्रेक दिसत नाही. मी मुद्दाम वाकून वाकून पाहिलंय, एका यार्डात तर लोकांना वाटलं माझं काही हरवलंय.

पूर्णा-अकोला लाइन आमच्या वसमत-हिंगोलीवरून जाते. पूर्वी मीटरगेज होती. त्या डगमगत्या गाडीच्यासुद्धा प्रत्येक डब्याला ब्रेक होता. रेल्वेला ही अक्कल फुकट आली नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची एक गाडी चढावर अडकली. इंजिनाला ओढवेना म्हणून गाडी मधून सोडवली. अर्धे डबे पुढे न्यायचे, अर्धे तिथेच ठेवायचे, असा बेत. मागच्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. आपण उटी लावतो, अगदी तसेच. डबे जोडलेले असताना ब्रेक चालायचा, पण सोडवल्यावर तो निकामी, अशी त्या गाडीची रचना होती. पुढच्या भागाचा जरासा धक्का बसला, दगड भरडले गेले आणि डबे मागे घरंगळले ते थेट मागून येणाऱ्या गाडीवर. ८० माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली पोरं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला की प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला ब्रेक हवा आणि तोही ऑटोमॅटिक. डबा सुटला, नळी तुटली, तर ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

ऑटोमॅटिक हा शब्द आम्ही चुकीच्या जागी धरून बसलोय असं मला हे वाचल्यापासून वाटतं. तो ट्रॉलीत हवा.

आणि हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. युरोपात ७५० किलोंच्या वर भरलेल्या ट्रेलरला ब्रेक लागतोच. हलक्या ट्रेलरला एक फार साधी युक्ती असते. ट्रॉलीचा दांडा थोडा सरकता ठेवायचा. पुढची गाडी हळू झाली की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत सरकतो आणि त्या सरकण्यानेच ट्रॉलीचे ब्रेक ओढले जातात. ट्रॉली जितकी ढकलेल तितका तिचाच ब्रेक आवळणार. वीज नको, कॉम्प्युटर नको. उसाच्या दहा-बारा टनांना एवढं पुरत नाही, तिथे हायड्रॉलिकची किंवा हवेची नळी ट्रॉलीपर्यंत न्यावी लागते. पण ट्रकला हवेचे ब्रेक बसवणारे गॅरेज नांदेडला आहेत, वसमतलाही आहेत. माणसं आहेत, सामान आहे. मागणी नाही.

मागणी का नाही, तर ट्रॉली म्हणजे सामानाची गोष्ट असं आपण धरून चाललोय. पण हळदीच्या दिवसांत पहाटे गावाबाहेर उभं राहा. कट्टे जातात त्याच ट्रॉलीतून बाया कामाला जातात. डबे, पाण्याच्या कॅनी, कडेवरचं पोर. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बाया गेल्या. आमच्याच वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या, हळदीच्या कामाला निघालेल्या. त्या अपघाताचं कारण गिअर होतं की ब्रेक होता की आणखी काही, यावर मी इथे बसून बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यानंतर "ट्रॉली काय, मालच तर असतो" हे वाक्य आमच्या भागात कुणी उच्चारू नये असं मला फार वाटतं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आनंदच झाला. ती हळद काढायला जाणारी बाई कशात बसून जाते याला मात्र कसलंच मानांकन नाही.

मंडळी म्हणतील, विजेचे ट्रॅक्टर येतायत, मग गिअरही नको आणि वादही नको. येतायत खरे. सोनालिकाने डिसेंबर २०२० मध्ये एक बाजारात आणला. एसटीची 'शिवाई' बस १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली, तिला क्लच नाही आणि उतारावर मोटारच उलट काम करून गाडी आवळते. छान आहे. पण ट्रॅक्टर विजेचा झाला म्हणून त्याची मागची चाकं दोनाची चार होत नाहीत.

तर भावाला आणि पुतण्याला मी जे सांगितलं ते असं. ऑटोमॅटिकसाठी थांबू नका. हाती गिअरचाच घ्या, पण चालता चालता खालचा गिअर पडेल असा, सिंक्रोमेश मिळाला तर उत्तम. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल खिटीने एकत्र जोडलेले पाहिजेत. (शेतात वळायला ते सुटे करतात आणि तसेच रस्त्यावर येतात.) दोन ट्रॉल्या लावायच्या नाहीत. आणि ट्रॉलीला ब्रेक बसवायचा. बाकी सगळं भावाने ऐकून घेतलं, शेवटच्या दोन मुद्द्यांवर गप्प झाला. एका ट्रॉलीत खेप परवडत नाही हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. कारखान्याचा वाहतुकीचा दर टनावर असतो, ब्रेकवर नसतो.

ब्रेकपुरता मात्र पुतण्या माझ्या बाजूने आहे. तो परवा एका वर्कशॉपवाल्याकडे जाऊन आला. त्या माणसाने ट्रकच्या जुन्या ॲक्सलसकट ब्रेक बसवून द्यायची तयारी दाखवलीय, खर्चाचा कागद अजून दिलेला नाही. "आजवर असं कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. पाडव्याच्या आत ट्रॅक्टर घरी यावा असं भावाच्या मनात आहे, आणि ट्रॉली त्याआधी वर्कशॉपला लावायची का नंतर, यावर सध्या बापलेकांची बोलणी चालू आहेत.